एक अल्बम, तीन प्रती आणि गार झालेलं भरीत: जळगावच्या एका श्रोता गटाचं प्रकरण

हे प्रकरण आमच्या गटात घडलेलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं काढलीत आणि टोपणनावं ठेवलीत, एखाददोन तपशील इकडचे तिकडे केलेत. अल्बमबद्दलची माहिती मात्र आहे तशीच ठेवली, कारण सगळं भांडण तिथूनच सुरू झालं.

पार्श्वभूमी

जळगावात आमचा आठ-नऊ जणांचा गट आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी एका मित्राच्या इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानावरच्या माळ्यावर जमायचं, एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकायचा, मधे मोबाईल नाही, नंतर चहा आणि चहानंतर वाद. पाच वर्षं हे बरं चाललंय. मे महिन्यात त्या पत्र्याखाली बसवत नाही म्हणून तेवढी सुट्टी.

या प्रकरणात चारच माणसं महत्त्वाची. रेल्वेकाका भुसावळचे, गाडी चालवत रिटायर झालेले. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत पूर्वी अँग्लो-इंडियन घरं बरीच होती, त्यातले एक गार्डसाहेब ऑस्ट्रेलियाला गेले तेव्हा रेकॉर्डींची एक पेटी काकांकडे सोडून गेले आणि काकांचं सगळं ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमधून आलेलं गाणं, त्या पेटीतून आलं. छोटू इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, त्याचं सगळं संगीत मामेभावाकडून आलेल्या एका हार्डडिस्कवर. मॅडम चोपड्याच्या, शाळेत शिकवतात, कॅसेटी अजून डब्यात गव्हासारख्या जपून ठेवतात. आणि पॅडवाले भाऊ पारोळ्याकडचे, लग्नाच्या बँडमधे ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, वाजवतात, सीझनमधे यांना रविवार नावाची गोष्टच नसते. मी पाचवा, टिपणं काढणारा, म्हणजे चुका लेखी करणारा.

शहरातल्या एका वाचनालयाने जानेवारीत हॉल द्यायचं कबूल केलं. एक अल्बम लोकांना ऐकवायचा आणि सोबत मराठीत चार पानी टिपण वाटायचं, त्यात अल्बमबद्दल जाणकार काय म्हणाले आणि चाहते काय म्हणाले ते द्यायचं, एवढीच अट. आम्ही निवडला झेडझेड टॉपचा एलिमिनेटर. ज्यांनी ब्लूज रॉक आयुष्यात ऐकलं नाही त्यांचाही पाय पहिल्या मिनिटात हलायला लागतो, हे साधं कारण.

ज्यांना बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा तिघांचा बँड, 1969 पासूनचा. गिटारवर बिली गिबन्स, बेसवर डस्टी हिल (ते 2021 मधे वारले), ड्रमवर फ्रँक बिअर्ड. 1973 च्या ट्रेस होम्ब्रेस या अल्बमने (या उच्चारावर स्पॅनिशवाले कपाळाला हात लावतील, पण आमच्यात सगळे असंच म्हणतात) त्यांचं नाव झालं, तेव्हाचा आवाज एकदम मातीतला. मग 1983 च्या मार्चमधे एलिमिनेटर आला आणि त्यात सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारं वाद्य, थोडक्यात सिंथ), आपोआप ठेका देणारं ड्रम मशीन, एका चालीत पळणारे ठेके. वर 1933 च्या फोर्डची लाल गाडी, तिचे व्हिडिओ, एमटीव्ही या गाण्यांच्या चॅनेलवर दिवसरात्र. अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत अल्बम 9 नंबरपर्यंत गेला आणि पुढे तिथेच एक कोटीच्या वर प्रती खपल्या. एवढा खप त्यांच्या दुसऱ्या कुठल्याच अल्बमला मिळाला नाही.

अडचण

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. थंडी पडलेली, म्हणून माळ्यावर भरिताचा बेत, बामणोदची वांगी, कळण्याची भाकरी, सोबत मिरचीचा ठेचा. माझी पहिली चूक इथेच झाली. अल्बम लावायच्या आधीच मी लोकांची मतं वाचून दाखवली. एका बाजूची मतं अशी की मशीनने बँड खाल्ला, ब्लूजचा जीव त्या हातात होता आणि हातच काढून टाकले, हे विकायला केलेलं संगीत आहे. दुसऱ्या बाजूची अशी की गिटार तीच, गिबन्सचा घोगरा गळा तोच, मिश्कीलपणा तोच, फक्त खाली इंजिन नवीन बसवलं, आणि जुनं दाखवून दाखवून किती दिवस खाणार. रोलिंग स्टोन मासिकाच्या 2003 सालच्या 500 अल्बमच्या यादीत ट्रेस होम्ब्रेसही आहे आणि एलिमिनेटरही, हे पण सांगितलं, मला वाटलं याने दोन्ही बाजू शांत बसतील. कशाचं काय. गाणं सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांनी आपापली बाजू घेऊन टाकली होती, मग पाऊण तास कोणी अल्बम ऐकत नव्हतं, जो तो आपल्या बाजूचा पुरावा गोळा करत होता.

शेवटचं गाणं संपलं तसे काका म्हणाले, हा झेडझेड टॉप नाहीच, ही गिरणी आहे.

छोटू म्हणाला, "काका, ट्रेस होम्ब्रेसमधे पण ड्रमचा आवाज असाच आहे की, मोठा, घुमणारा. 1973 ला चालला मग 1983 ला काय बिघडलं?"

"असाच?" काका म्हणाले. "कान दाखवून ये कोणाला तरी."

"तुम्हीच ऐका परत."

आता छोटू काही उद्धट पोरगा नाही, पण काकांनी पन्नास वर्षं ती रेकॉर्ड वाजवलीय आणि त्याने सरळ त्यांना खोटं पाडल्यासारखं झालं. काका उठले, चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. त्यांच्या ताटातलं भरीत तसंच. त्याच वेळी पॅडवाले भाऊ वर येत होते, लग्न आटोपून थेट, अंगात बँडचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. त्यांनी ते ताट बघितलं आणि विचारलं, "काय व्हयनं भो?"

रात्री काकांचा मेसेज आला की वाचनालयाच्या कार्यक्रमात माझं नाव घालू नका. आणि टिपणाचे दोन मसुदे तयार झाले, एक छोटूने लिहिला, एक मी काकांच्या बाजूने लिहिला, दोन्ही वाचले तर वाटावं हे दोन वेगळ्या अल्बमबद्दल आहेत. हे वाक्य मी तेव्हा गमतीत म्हटलं होतं.

पर्याय

कार्यक्रम रद्द करणं हा पहिला विचार, पण हॉल मिळायला आठ महिने लागले होते. दुसरा, अल्बम बदलून सरळ ट्रेस होम्ब्रेस लावायचा, म्हणजे काका परत येतील. मॅडम म्हणाल्या हे म्हणजे पोरगं रडलं म्हणून परीक्षाच बदलायची. तिसरा पर्याय माझा, आणि मला तो फार आवडला होता, पानाच्या डावीकडे विरोधातली मतं, उजवीकडे बाजूची मतं, मधे रेघ, लोकांनी ठरवावं. वर्तमानपत्रात असतं तसं. चौथा, काहीच मतं द्यायची नाहीत, फक्त ऐकवायचं, पण वाचनालयाला टिपण हवंच होतं.

आम्ही रेघवाल्या पर्यायावर जवळपास आलोच होतो. पॅडवाले भाऊ तोवर गप्प बसून ठेचा खात होते. ते म्हणाले, "पयले कोन काय आयकं ते तं इचारा."

म्हणजे काय? म्हणजे त्यांच्या धंद्यात असं होतं की पार्टी म्हणते मागच्या वर्षी तुम्ही अमुक गाणं वाजवलं तसंच वाजवा, आणि हे वाजवतात तर म्हणते तसं नाही वाजलं, मग चौकशी केल्यावर कळतं की त्यांनी ते दुसऱ्याच बँडकडून ऐकलेलं असतं. अहिराणी गाण्यांचं तर विचारूच नका, एका गाण्याचे पाच रिमिक्स, नवरदेवाला पाचवा हवा असतो आणि त्याच्या आजीला पहिला.

काय केलं

ज्याने ज्या प्रतीवर ऐकलं ती प्रत घेऊन यायची, असं ठरलं. काका येणार नव्हते म्हणून आम्हीच गाडीत बसून भुसावळला गेलो, मी, छोटू, मॅडम. भाऊंना लग्न होतं. छोटू रस्ताभर एक शब्द बोलला नाही, हातात हार्डडिस्क आणि एका पिशवीत अर्धा किलो जिलेबी, ती त्याच्या आईने दिलेली.

काकांनी दार उघडलं, जिलेबी घेतली आणि काही न बोलता रेकॉर्ड लावली. त्यांच्या प्लेअरच्या सुईवर आठ आण्याचं नाणं चिकटवलंय, वजन पडायला. ट्रेस होम्ब्रेस, पहिलं गाणं. खरखर, मग तो ड्रम. कोरडा, जवळचा, लहानशा खोलीत कोणीतरी लाकडी पाटावर ठोकतंय असा ठक्, ठक्, आणि लगेच विरणारा. मग छोटूने त्याच्या हार्डडिस्कवरचं तेच गाणं लावलं, तीच गिटार, तेच शब्द, आणि ड्रम मात्र ठाssश. रिकाम्या जिनिंगच्या शेडमधे कापसाची गाठ आपटावी आणि आवाज भिंतींना लागून परत यावा तसा.

कोणी बोललं नाही. काकांनी नुसतं परत एकदा लाव म्हणून बोट फिरवलं. दुसऱ्यांदा ऐकून ते म्हणाले, "हे कोणी केलं?"

तिथे बसून शोधलं तेव्हा उलगडलं. 1987 मधे बँडचे जुने अल्बम सीडीवर आणताना सिक्सपॅक नावाच्या संचात ते नव्याने मिक्स केले गेले, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या एकेका वाद्याचा आवाज कमीजास्त करून परत जुळवला, ड्रमचा आवाज बदलला, वर घुमारा चढवला, म्हणजे 1973 च्या गाण्यांना 1983 चे कपडे घातले. का, तर एलिमिनेटर इतका चालला होता म्हणून. जुने चाहते चांगलेच भडकले होते, पण पुढे कितीतरी वर्षं सीडीच्या दुकानात मिळायचं ते हेच मिक्स. ट्रेस होम्ब्रेसचं मूळ मिक्स सीडीवर यायला 2006 साल उजाडलं. छोटूच्या मामेभावाने कुठून तरी ती जुनी सीडी उतरवली असणार. म्हणजे पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्याने ऐकलेल्या 1973 मधे खरंच तो आवाज होता.

मला इथे खरं सांगायचं तर थोडी लाजच वाटली, कारण मी इतकी मतं गोळा केली होती आणि त्यातलं एकही मत कुठल्या साली, कुठल्या प्रतीवर ऐकून दिलंय हे बघितलं नव्हतं. 1990 मधे सीडी घेऊन नाराज झालेल्या माणसाची तक्रार मी 1973 च्या अल्बमवरची तक्रार म्हणून लिहून टाकली होती.

दुसरा धक्का काकांचा. मॅडमनी त्यांची एलिमिनेटरची कॅसेट काढली, त्यांच्या दिरांनी दुबईहून आणलेली जुनी, आणि लेग्ज हे गाणं लावलं. काका म्हणाले हे ते नाही, ह्यात गिटार जास्त आहे. बरोबर होतं. ते गाणं सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमबाहेर सुटं, काढताना वेगळं मिक्स केलं होतं, नाचायला बरं, सिंथ जास्त धडधडणारा, आणि पुढच्या काही छपायांमधे अल्बमवरही तेच घातलं गेलं. आमच्या माळ्यावर वाजलं ते हेच. मॅडमच्या कॅसेटवर आधीचं. मग मॅडमनी शाळेतल्यासारखं सरळ विचारलं, "काका, तुम्ही हा अल्बम त्या रविवारच्या आधी पूर्ण ऐकला होता का?"

काका बराच वेळ जिलेबीकडे बघत बसले. नव्हता ऐकला. पुतण्याने दाखवलेले तीन व्हिडिओ, लाल गाडीचे, तेवढेच. आणि त्या रविवारी? त्या रविवारी रागात होतो, म्हणाले.

अकरा गाणी आहेत एलिमिनेटरवर, त्यातली व्हिडिओंमुळे गाजली ती तीन-चार. मॅडमनी कॅसेट पुढे नेऊन आय नीड यू टुनाइट लावलं, सहा मिनिटांच्या वरचं संथ ब्लूज, गिबन्स एकेक सूर ओढून धरतो आणि सोडताना थोडा वाकवतो. काकांनी डोळे मिटले. संपल्यावर म्हणाले, "हे यावर आहे हे कोणी बोललंच नाही." आणि खरंच, मी जमवलेल्या मतांत भांडण सगळं ड्रम मशीन आणि गाडीवर, या गाण्यावर एक ओळ नव्हती.

हार्डडिस्क आणि कॅसेट घेऊन परत आलो आणि पॅडवाल्या भाऊंना सगळं सांगितलं. त्यांना रिमिक्समधे काही विशेष वाटलं नाही, त्यांचं लक्ष दुसरीकडेच गेलं. एलिमिनेटरच्या तयारीत लिंडन हडसन नावाचा एक साऊंड इंजिनिअर होता, ड्रमर बिअर्डच्या घरी राहायचा, तिथल्या स्टुडिओत गिबन्ससोबत गाण्यांचे कच्चे खर्डे करायचा, मिनिटाला 120 ठोक्यांच्या आसपासची चाल लोकांना धरते असं त्याचं म्हणणं. अल्बमवर त्याचं नाव नाही. थग या गाण्यावरून त्याने कोर्टकज्जा केला आणि शेवटी त्याला 6 लाख डॉलर मिळाले. भाऊ म्हणाले, "म्हंजे ठोके त्याना, फोटो यास्ना." मग त्यांच्या काकांची गोष्ट सांगितली, ते ब्रास बँडमधे साईड ड्रमवर होते, चौदा माणसांचा बँड, ऑक्टोपॅड आला आणि गाडीवर सहाच उरले, काकांना घरी बसवणारा पॅड पुढे पुतण्याच्या हातात आला. "तुमी म्हंतस मशीन वाजस. मशीन नही वाजत, कोनीतरी वाजाडस."

या एका वाक्यावर टिपणाचा तिसरा मसुदा उभा राहिला. रेघ काढून टाकली. प्रत्येक मतापुढे लिहिलं, कधीचं, काय ऐकून, कुठल्या गाण्याबद्दल. जिथे हे कळलं नाही ते मत गाळलं, आणि सांगतो, निम्म्याहून जास्त मतं गळाली, त्यात माझी काही लाडकी वाक्यंही गेली.

निकाल

जानेवारीतल्या त्या शनिवारी 34 जण आले. आमच्या हिशोबाने ही गर्दी. आधी अल्बम, मतं नंतर. ट्रेस होम्ब्रेसचं पहिलं गाणं दोन्ही मिक्समधे पाठोपाठ लावलं तेव्हा मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं की दुसऱ्या वेळी खिडक्या उघडल्या का.

मग भाऊंचा भाग. त्यांनी पॅड मांडला आणि पडद्यामागून एक ठेका दोनदा वाजवला, एकदा हाताने आणि एकदा भरून ठेवलेला लूप सोडून. कुठला हाताचा? निम्मा हॉल चुकला. मीही चुकलो. काका चुकले नाहीत, म्हणाले हाताचा होता तो तिसऱ्या ठोक्याला किंचित उशिरा पोचत होता, पंजाब मेल पोचायची तसा.

काकांचं मत बदललं का? नाही. एलिमिनेटर त्यांना अजूनही आवडत नाही, पण आता ते गिरणी म्हणत नाहीत. म्हणतात की बेस आणि ड्रम एकमेकांकडे बघत नाहीत, संथ गाण्यात बघतात. ही तक्रार जास्त बारीक आहे आणि मला वाटतं बरोबरही आहे. छोटूने ट्रेस होम्ब्रेसचं मूळ मिक्स मिळवलं आणि जुनं पुसून टाकलं, ते त्याने पुसायला नको होतं असं मॅडमचं म्हणणं, कारण ती सुद्धा एक प्रत आहे आणि एका पिढीने तीच ऐकली. यावर अजून वाद चालू आहे. माझं विचाराल तर एलिमिनेटर हा चांगलाच अल्बम आहे. त्याच्या मागोमाग 1985 ला आफ्टरबर्नर आला, त्यात मात्र इंजिनाच्या आवाजात गिटार बुडाली, काकांचा राग खरं तर त्या अल्बमवर शोभला असता.

वेगळं काय करता आलं असतं

मतं आधी वाचायला नको होती, हे झालंच. पण त्याहून मोठी चूक मला वाटते ती म्हणजे छोटू-काकांच्या त्या दोन वाक्यांनंतर मी वाद मिटवायला धावलो. तिथे कोणी एवढंच विचारलं असतं की दोघं कशावर ऐकता, तर भुसावळची फेरी वाचली असती आणि भरीत गरम खाल्लं असतं. दोन माणसं जुन्या ओळखीच्या गोष्टीबद्दल इतकं उलटं बोलतात तेव्हा दोघांचे कान ठीक असतील आणि वस्तूच दोन असतील, हे मला तेव्हा सुचलं नाही. भाऊंना सुचलं, कारण त्यांचं पोट त्यावर आहे.

काकांना तो प्रश्न मॅडमनी चारचौघांत विचारला, तो एकट्यात विचारायला हवा होता असं छोटूला वाटतं. मला नाही वाटत तसं, एकट्यात ते हो म्हणून मोकळे झाले असते. पण हे माणसामाणसावर आहे, दुसऱ्या कोणी असं करून बघावं असं मी सांगणार नाही.

आणि एक राहिलं. टिपणाच्या शेवटच्या पानावर आम्ही सगळ्यांची नावं छापली होती, लेखन, निवड, रेकॉर्डी, कॅसेटी, हॉल, चहा. वाटायच्या दहा मिनिटं आधी मॅडमच्या लक्षात आलं की पॅडवाल्या भाऊंचं नाव कुठेच नाही. त्याच टिपणाच्या तिसऱ्या पानावर हडसनचं नाव अल्बमवर नसल्याबद्दल मी अर्धं पान खरडलं होतं. भाऊ हसले, जाऊ द्या म्हणाले, पण छोटू आणि मी दाराशी टेबल मांडून निळ्या पेनने एकेक प्रतीवर नाव घालत बसलो, "ठेका:" असं लिहून पुढे त्यांचं पूर्ण नाव. 40 प्रती होत्या. 38 झाल्या. दोन वाचनालयाच्या शिपायाने आधीच आत नेऊन फायलीला लावल्या होत्या, त्या अजून तशाच आहेत, फेब्रुवारीत दोनदा जाऊन आलो तर कपाटाची चावी ज्यांच्याकडे ते रजेवर होते.